निवडलं बेअरिंग, खोडला पट्टा: साठा प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, ३ मार्च २०२५

सकाळी गोदामातून फोन. "मी बेअरिंग निवडलं, खोडा दाबलं आणि गेला पट्टा." बाकी काहीच माहिती नाही. स्क्रीनचा फोटो नाही, वेळ आठवत नाही, आधी काय केलं तेही आठवत नाही. नशीब एवढंच की आपण नोंद खरोखर पुसत नाही, 'रद्द' अशी खूण करून ठेवतो. पट्ट्याची नोंद दोन मिनिटांत परत आली. पण लोक ज्याच्या भरवशावर साठा मोजतात त्या प्रोग्रॅममध्ये असं होऊन चालणार नाही. बाकीची कामं बाजूला.

पुढे कुणी या नोंदी वाचल्या तर थोडी मांडणी सांगून ठेवतो. प्रोग्रॅम जावा स्विंगमध्ये आहे, म्हणजे जावाच्या खिडक्या-बटणांच्या संचात. डावीकडे सुट्या भागांचं जेटेबल, म्हणजे स्विंगचा तक्ता, चारेक हजार ओळी. उजवीकडे तपशिलाचं पॅनेल. ओळ निवडली की सिलेक्शन लिसनर, म्हणजे निवड बदलल्यावर आपोआप चालणारा कोड, डेटाबेसमधून त्या भागाचा तपशील आणतो आणि पॅनेल भरतो. 'खोडा' हे बटण पॅनेलवर आहे आणि पॅनेलमध्ये जो भाग भरलेला असेल तोच खोडतं. टेबलात काय निवडलंय हे ते विचारतच नाही. हे वाक्य लिहितानाच खटकलं, पण आधी चूक घडवून बघू.

तासभर क्लिक केले. घडली नाही.

मंगळवार, ४ मार्च

लिसनर उघडला. लिहिणारा तीन वर्षांपूर्वीचा मीच, त्यामुळे शिव्या द्यायलाही कुणी नाही. आलेली प्रत्येक घटना, म्हणजे 'निवड बदलली' ही टेबलाची सूचना, लॉगमध्ये छापायला लावली आणि सहाव्या ओळीवरून अकराव्या ओळीवर एकच साधा क्लिक केला:

१०:४२:०७.११८ पहिली ६, शेवटची ११, ॲडजस्टिंग: हो
१०:४२:०७.२०३ पहिली ६, शेवटची ११, ॲडजस्टिंग: नाही

एका क्लिकला दोन घटना. पहिली बटण दाबल्यावर, दुसरी सोडल्यावर. दाबून ठेवून माउस ओढला तर मधल्या प्रत्येक बदलाला आणखी एक, सगळ्या 'ॲडजस्टिंग: हो'. म्हणजे वापरणाऱ्याचं अजून ठरायचंय, हात बटणावर आहे. शेवटी 'नाही' आली की ठरलं. आमचा लिसनर हा प्रश्न विचारतच नव्हता, त्यामुळे तीन वर्षं प्रत्येक क्लिकला तपशील दोनदा आणला जात होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोन्ही वेळा तेच उत्तर यायचं. आता 'गेट व्हॅल्यू इज ॲडजस्टिंग' खरं असेल तर लिसनर तिथूनच परत फिरतो. एका ओळीची दुरुस्ती.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. अकराव्या ओळीवरून वर सहाव्यावर आलो. लॉगमध्ये काय? पहिली ६, शेवटची ११. खाली जा नाहीतर वर या, आकडे तेच. कारण घटना 'कोणती ओळ निवडली' हे सांगतच नाही. ती सांगते की सहा ते अकरा या टप्प्यात कुठेतरी काहीतरी बदललं असेल. टेबलाला तेवढं पुरतं, त्याला फक्त तेवढा भाग पुन्हा रंगवायचा असतो. आणि आमच्या स्टेटस पट्टीचा कोड 'गेट लास्ट इंडेक्स' घेऊन त्या ओळीचा भाग क्रमांक दाखवत होता! खाली जाताना बरोबर, वर येताना चूक. तीन वर्षं चुकीचा क्रमांक दाखवणारी पट्टी आणि एकही तक्रार नाही. म्हणजे ती पट्टी कुणी वाचत नाही. काढून टाकावी का, ते नंतर ठरवू.

नियम लिहून ठेवतो: घटना ही फक्त दारावरची टकटक. आत काय आहे ते उठून बघायचं, म्हणजे टेबलाला 'गेट सिलेक्टेड रो' विचारायचं.

एवढं सगळं सापडलं, पण बेअरिंग-पट्ट्याचा उलगडा यातून होत नाही.

बुधवार, ५ मार्च

लॉग चालू ठेवून खाली-बाणाची कळ दाबून धरली. इथे ॲडजस्टिंगचा काही उपयोग नाही. कीबोर्डने हललेली प्रत्येक ओळ स्विंगच्या लेखी अंतिमच असते, प्रत्येक वेळी 'नाही'. कळ तीन सेकंद धरली तर घटनांची रांग, आणि प्रत्येकीमागे डेटाबेसची एक फेरी, तीसुद्धा इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवरच, म्हणजे क्लिक आणि कळा हाताळणारा, पडदा रंगवणारा जो एकच धागा, त्याच्यावर. कळ सोडल्यावरही निवड खाली घसरतच होती, घसरगुंडीवरच्या पोरासारखी.

दोन बदल केले. एक, स्विंगचा टायमर, २०० मिलिसेकंदांचा, एकदाच वाजणारा. प्रत्येक घटनेला तो 'रीस्टार्ट' होतो, हात थांबला की मग वाजतो. दोन, तपशील आणण्याचं काम स्विंगवर्करमध्ये, पार्श्वभूमीला.

दुसऱ्या बदलाबरोबर नवं दुखणं आलंच. आधी निवडलेल्या भागाचं उत्तर उशिरा आणि नंतरच्याचं लवकर आलं, तर पॅनेलमध्ये शेवटी जुनाच भाग बसतो. 'कॅन्सल' करून भागत नाही, रद्द केलेल्या वर्करचं 'डन' (काम संपल्यावर चालणारा कोड) तरीही चालतंच. म्हणून 'डन'मध्ये आधी तपासणी: हे उत्तर ज्या भागाचं आहे तोच भाग अजून निवडलेला आहे का? नसेल तर उत्तर टाकून द्यायचं.

टायमरमुळे उघड झालेली आणखी एक फट. निवड हलल्यापासून पॅनेल भरेपर्यंत टेबलात निळी ओळ एका भागाची आणि पॅनेलमध्ये मजकूर दुसऱ्याचा. एवढ्यात कुणी 'खोडा' दाबलं तर? आता निवड हलली की पॅनेल त्याच क्षणी रिकामं होतं आणि बटण फिकं पडतं. टायमर फक्त भरण्यासाठी, रिकामं करण्यासाठी नाही.

मला वाटलं सापडलं. पण गोदामातले लोक बाणाची कळ वापरत नाहीत. फोन करून विचारलं. "नाही हो, माउसच."

शुक्रवार, ७ मार्च

चूक घडली. मी नाही घडवली, आमच्या टेस्टरने घडवली. "अरे, तू कधी कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. मी कायम भाग क्रमांकाच्या मूळ क्रमानेच बघतो. ती नावावर सॉर्ट करते, गोदामातलेही बहुतेक करतात.

सॉर्टर लागला की टेबलात दोन मोजण्या सुरू होतात. डोळ्यांना दिसणारी तिसरी ओळ मॉडेलमध्ये, म्हणजे टेबलामागच्या मूळ यादीत, २,१४० वी असू शकते. 'गेट सिलेक्टेड रो' देतं तो दिसणाऱ्या क्रमातला आकडा. तो तसाच उचलून मॉडेलला दिला तर भलताच भाग हाती येतो. मधे 'कन्व्हर्ट रो इंडेक्स टू मॉडेल' हवंच. सॉर्टर जावा ६ पासून जेटेबलच्या अंगातच आहे, 'सेट ऑटो क्रिएट रो सॉर्टर' एवढं लिहिलं की झालं. मी ते दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मागणीवरून लिहिलं, डोक्यावर क्लिक केला, ओळी उलटसुलट झालेल्या बघितल्या, खूश झालो आणि कमिट केलं. निवडीचा कोड तसाच राहिला.

मग लोकांना हे दोन वर्षं दिसलं कसं नाही? तपशील आणणाऱ्या कोडमध्ये रूपांतर होतं, ते कधीतरी कुणीतरी घातलेलं. टेबलाच्या वरच्या टूलबारवर मात्र वेगळं 'खोडा' आहे, आणि त्यात नव्हतं. म्हणजे खोडण्याचे दोन रस्ते, एक सरळ, एक वाकडा. फोनवर मी विचारलंच नव्हतं की कोणतं बटण.

दुरुस्ती करताना ठरवलं की आकडे हा प्रकार शक्य तितका कमी फिरवायचा. एकच फंक्शन: टेबलाला विचारतं, रूपांतर करतं आणि भागांच्या आयडींची यादी परत देतं. पॅनेल, टूलबार, मेनू, सगळे तेच वापरणार. बाकी कोडला ओळीचा क्रमांक दिसताच कामा नये. कॉलमच्या बाबतीतही तेच दुखणं आहे, वापरणारा कॉलम ओढून जागा बदलू शकतो. तिथेही रूपांतर घातलं.

शिवाय 'खोडा' विचारणाऱ्या खिडकीत नुसतं 'नक्की?' होतं. आता भागाचं नाव आणि क्रमांक येतो.

सॉर्ट करताना आणखी एक दिसलं. क्रम बदलला की निवडलेला भाग तोच राहतो, निळी पट्टी त्याच्याबरोबर हलते, पण दिसणारा क्रमांक बदलल्यामुळे घटना येते. वापरणाऱ्याने निवडीला हातही लावलेला नाही आणि पॅनेल पुन्हा भरतंय. आता लिसनर आधी आयडी ताडून बघतो, तोच असेल तर गप्प बसतो.

संध्याकाळी नवी आवृत्ती गोदामात पाठवली. तक्रार बंद केली.

सोमवार, १० मार्च

तक्रार उघडली. "पुन्हा तसंच झालं. या वेळी नाव वाचलं म्हणून वाचलो." निदान खिडकीतल्या नावाचा उपयोग झाला.

फोनवर काही कळेना, म्हणून गोदामात जाऊन त्यांच्या पाठीमागे उभा राहिलो. पंधरा मिनिटं काहीच नाही. मग त्यांनी एक नट निवडला, पॅनेलमध्ये संख्या वाचली, कागदावर टिपली. मग नजर खाली गेली, चार ओळी खालच्या वॉशरवर माउस नेला, उजवा क्लिक केला. मेनू वॉशरवर उघडला. निळी पट्टी मात्र अजून नटावर. त्यांनी मेनूतलं 'खोडा' निवडलं. खिडकीत नटाचं नाव.

"बघा," ते म्हणाले, "मी याच्यावर क्लिक केलंय आणि हे त्याचं विचारतंय."

त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. मेनू ज्या ओळीवर उघडतो त्या ओळीचा, असं कुणालाही वाटेल. पण जेटेबल उजव्या क्लिकने निवड हलवतच नाही. डावं बटण सोडून बाकी सगळ्यांकडे ते दुर्लक्ष करतं. आणि मी? मी सवयीने आधी डावा क्लिक करतो, मग उजवा. वर्षानुवर्षं. स्वतःच्या प्रोग्रॅमच्या खोडी अंगवळणी पडल्या की त्या खोडी आहेत हे दिसेनासं होतं.

मंगळवार, ११ मार्च

दिवसभर उजवा क्लिक.

पहिला प्रयत्न माउस लिसनरचा. 'इज पॉपअप ट्रिगर' कुठे तपासायचं, दाबताना की सोडताना? दोन्हीकडे. विंडोजवर मेनूचा इशारा बटण सोडताना येतो, लिनक्सवर आणि मॅकवर दाबताना. एकाच जागी तपासलं तर माझ्या मशीनवर चालतं आणि गोदामात नाही, किंवा उलट. मग 'रो ॲट पॉइंट'ने ओळ काढायची. शेवटच्या ओळीच्या खालच्या रिकाम्या जागेत ते उणे एक देतं, तिथे मेनूतल्या ओळीसंबंधीच्या गोष्टी फिक्या करायच्या.

निवड हलवायची, पण नेहमी नाही. समजा कुणी कंट्रोल धरून दहा ओळी निवडल्या आणि त्यातल्या एकीवर उजवा क्लिक केला. तिथे फक्त त्या ओळीची निवड केली तर बाकी नऊ हातच्या गेल्या, आणि माणूस चिडणार. म्हणून: ओळ आधीच निवडलेल्यांत असेल तर निवडीला हात लावायचा नाही, नसेल तरच तिच्यावर आणायची. फाइल दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असंच असतं, लोकांच्या बोटांना तेच माहीत आहे.

दुपारी टेस्टरने शिफ्ट आणि एफ १० दाबलं. मेनू उघडलाच नाही. माउसच नाही, तर माउस लिसनर काय करणार. मग सगळं मोडून 'सेट कंपोनंट पॉपअप मेनू' वापरलं आणि टेबलाचं 'गेट पॉपअप लोकेशन' स्वतः लिहिलं. ते मेनू उघडण्याआधी बोलावलं जातं. माउसने उघडला तर माउसची घटना हाती मिळते, कीबोर्डने उघडला तर नल, म्हणजे काहीच नाही. माउस असेल तर वरचा नियम, नल असेल तर लीड ओळीचा, म्हणजे कीबोर्ड ज्या ओळीवर आहे तिचा, चौकोन 'गेट सेल रेक्ट'ने काढायचा आणि मेनू तिथे. दाबताना की सोडताना ही भानगडही त्यातून सुटली, कारण ती आता स्विंगची डोकेदुखी. सकाळचा सगळा कोड फेकला. सकाळीच हे सुचायला हवं होतं.

बुधवार, १२ मार्च

फुटकळ. एंटर दाबला की तपशील संपादनासाठी उघडावा ही जुनी मागणी. जेटेबलमध्ये एंटर खालच्या ओळीवर नेतो, इनपुट मॅपमध्ये ती कळ आपल्या ॲक्शनला बांधली. डबल क्लिकलाही तीच ॲक्शन.

कुणीतरी विचारलं, निवडलेल्या ओळीवर पुन्हा क्लिक केला तर तपशील ताजा का होत नाही. कारण निवड बदललीच नाही, मग घटना कुठून येणार. लिसनरमध्ये काही जुगाड करणार नाही. ताजं करायला एफ ५ दिलं.

गुरुवार, १३ मार्च

लॉगमध्ये अपवादांची, म्हणजे प्रोग्रॅम चालताना आलेल्या चुकांची, रास सापडली: 'इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स', उणे एक. वेळा बघितल्या तर अगदी तीस-तीस सेकंदांच्या अंतराने. म्हणजे आपोआप ताजं करणारा टायमर.

तो टायमर डेटाबेसमधून सगळी यादी आणतो, मॉडेलमध्ये भरतो आणि 'फायर टेबल डेटा चेंज्ड' म्हणतो. टेबलाच्या दृष्टीने याचा अर्थ 'आधीचं काही धरू नकोस'. मग ते निवड पुसून टाकतं. घटना येते, 'गेट सिलेक्टेड रो' उणे एक देतं, आणि तो उणे एक तसाच रूपांतराकडे जातो. सॉर्टर नसलेल्या टेबलात उणे एक गुपचूप उणे एकच परत येतो. सॉर्टर असेल तर अपवाद. इव्हेंट थ्रेडवरचा अपवाद प्रोग्रॅम पाडत नाही, लॉगमध्ये चार ओळी थुंकून पुढच्या घटनेकडे वळतो. लिसनर मात्र अर्ध्यातच मेलेला असतो, आणि पॅनेलमध्ये जुना भाग तसाच बसलेला. टेबलात काहीच निवडलेलं नाही, पॅनेलवर बेअरिंग, शेजारी जिवंत 'खोडा'. पहिल्या दिवशी खटकलेलं वाक्य ते हेच.

उणे एकची तपासणी आता त्या एकाच फंक्शनमध्ये आली: काही निवडलेलं नसेल तर रिकामी यादी. पण दर तीस सेकंदांनी निवड उडणं हेच मुळात चूक. वीस ओळी कंट्रोल धरून निवडणाऱ्या माणसाला तीस सेकंदांची घड्याळाशी शर्यत लावणार का?

आता ताजं करण्याआधी निवडलेले आयडी बाजूला ठेवतो, भरून झाल्यावर प्रत्येकाची मॉडेलमधली जागा शोधतो, दिसणाऱ्या क्रमात आणतो, निवडीत घालतो. मधल्या काळात कुणी तो भाग खोडला असेल किंवा फिल्टरमुळे तो दिसत नसेल तर गाळायचा. न गाळता उणे एक 'ॲड रो सिलेक्शन इंटरव्हल'ला दिला तर तेही अपवाद फेकतं.

इथे अर्धा दिवस एका गैरसमजात गेला. वाटलं, सगळ्या कामाआधी 'सेट व्हॅल्यू इज ॲडजस्टिंग' खरं करावं, शेवटी खोटं, म्हणजे मधल्या सगळ्या घटना 'अजून ठरतंय' म्हणून येतील आणि शेवटी एकच खरी. वीस ओळी निवडण्यापुरतं हे छान चालतं. पण टेबल स्वतः निवड पुसताना हाच ध्वज वर करतं आणि काम झालं की खाली टाकतं. मी वर केलेला ध्वज त्याने खाली टाकला. किती जणांनी वर केलाय याची मोजणी कुणी ठेवत नाही, तो नुसता हो-नाही आहे. पॅनेल दर तीस सेकंदांना लुकलुकत राहिलं. शेवटी लिसनरमध्ये स्वतःचा वेगळा ध्वज ठेवला, 'ताजं करतोय'. तो वर असताना सगळ्या घटना सोडून द्यायच्या, खाली आला की एकदाच हाताने निवड विचारायची. ध्वज खाली आणणं 'फायनली'मध्ये, म्हणजे अपवाद आला तरी जो भाग चालतोच त्यात. नाहीतर एका अपवादाने टेबल कायमचं बहिरं होईल.

आणि वापरणारा माउस ओढत असताना, म्हणजे ॲडजस्टिंग खरं असताना, ताजं करायचंच नाही. पुढच्या फेरीला बघू.

सोमवार, १७ मार्च

सुट्या भागांच्या टेबलाचं एकदाचं मिटलं म्हणेपर्यंत 'आजचे व्यवहार' या टेबलातून नवीन तक्रार. "एकच व्यवहार रद्द केला, दोन रद्द झाले."

या टेबलात सॉर्टर नाही, नवा व्यवहार सगळ्यात वर येतो. आणि हे टेबल पूर्ण भरलं जात नाही, शून्याव्या जागी ओळ घालून 'फायर टेबल रोज इन्सर्टेड' म्हटलं जातं. बरोबरच आहे की! 'डेटा चेंज्ड'पेक्षा हेच शहाणपणाचं, निवड पुसली जात नाही, खाली सरकते.

सरकते, पण शेपूट लावून. शून्यावी ओळ निवडलेली असताना शून्याव्या जागी नवी ओळ घातली, तर जुनी एकवर जाते आणि निवडलेली राहते, आणि नवी ओळसुद्धा निवडलेलीच जन्माला येते. चूक नाही, 'डिफॉल्ट लिस्ट सिलेक्शन मॉडेल'च्या कोडमध्ये मुद्दाम तसं लिहिलंय: घालण्याच्या जागेवरची ओळ निवडलेली असेल, तर नव्या ओळी निवडलेल्या धरा. निवडलेल्या टप्प्याच्या पोटात ओळ घुसली तर टप्पा तुटू नये, हा हेतू असावा. मधोमध घालताना तो पटतो. पहिल्या ओळीला मात्र तो घातक, आणि आपल्याकडे प्रत्येक नवा व्यवहार पहिल्या ओळीतच येतो, आणि लोक रद्दही बहुतेक वेळा नुकताच केलेला, म्हणजे पहिल्या ओळीतलाच करतात.

त्याच कोडात सुटकाही आहे. मोड 'सिंगल सिलेक्शन' असेल तर हा नियम लागू होत नाही. जेटेबलचा मूळ मोड अनेक टप्पे निवडू देणारा, आम्ही तो कधी बदललाच नव्हता. या टेबलात एकापेक्षा जास्त व्यवहार एकदम निवडण्याची गरज कुणाला आहे का, ते विचारलं. कुणालाच नाही. मोड बदलला. अख्ख्या महिन्यातली सगळ्यात छोटी दुरुस्ती.

सुट्या भागांच्या टेबलात अनेक ओळींची निवड लागते, तिथे आयडीवरून पुन्हा निवडणं आहेच.

मंगळवार, १८ मार्च

पॅनेलमध्ये बदल केले, जतन केले नाहीत आणि दुसऱ्या ओळीवर क्लिक केला, की बदल गेले. मागणी अशी: 'जतन करायचं का?' विचारा, नाही म्हटलं तर जुन्याच ओळीवर ठेवा.

सिलेक्शन लिसनर हे करू शकत नाही, त्याला कळतं तेव्हा निवड होऊन गेलेली असते. निवड उलटी फिरवायची म्हटलं तर त्याचीही घटना येते, पुन्हा आपणच आपल्याला बोलावतो. 'चेंज सिलेक्शन' स्वतः लिहून तिथे अडवता येतं, माउस तिथूनच जातो. पण कंट्रोल आणि ए, किंवा कोडमधून केलेली निवड त्या रस्त्याने जातच नाही. शिवाय ती जागा बटण दाबतानाच चालते, हात बटणावर असताना तोंडावर खिडकी उघडायची म्हणजे बटण सुटल्याचं टेबलाला कळेल की नाही हाच प्रश्न.

सेलमधल्या संपादनाला मात्र ही सोय फुकट मिळते. एडिटरच्या 'स्टॉप सेल एडिटिंग'ने नकार दिला तर माउसने निवड हलतच नाही, फोकस एडिटरमध्येच राहतो. संख्येच्या कॉलमला तेवढं वापरलं, अक्षरं टाइप करून पुढे जाता येत नाही.

पॅनेलसाठी अडवणं सोडून दिलं. अर्धवट बदल आयडीखाली मसुदा म्हणून ठेवतो, ओळीच्या पहिल्या कॉलममध्ये एक ठिपका येतो, परत त्या ओळीवर आलं की मसुदा तसाच समोर. प्रोग्रॅम बंद करताना ठिपके शिल्लक असतील तरच विचारतो. मागणी करणाऱ्यांना दाखवलं. "हे बरं आहे. ती खिडकी आली असती तर आम्ही न वाचताच 'हो' दाबलं असतं." हे प्रामाणिक.

गुरुवार, २० मार्च

कंट्रोल आणि ए दाबल्यावर प्रोग्रॅम गोठतो. कारण निवडलेल्या भागांची एकूण संख्या दाखवताना कोड प्रत्येक आयडीसाठी डेटाबेसकडे जात होता. चार हजार फेऱ्या. संख्या मॉडेलमध्ये आधीच आहे, तिथूनच बेरीज केली. नुसती किती ओळी निवडल्या तेवढंच हवं असेल तर जावा ११ पासून निवड मॉडेलला 'गेट सिलेक्टेड आयटम्स काउंट' थेट विचारता येतं.

फिल्टरही बघितला. निवडलेला भाग फिल्टरने लपला की निवडीतून जातो आणि पॅनेल रिकामं होतं. फिल्टर काढला की, मध्ये दुसरं काही निवडलं नसेल तर, निवड परत येते. मला वाटलं आपल्याच कोडची करामत. नाही, जेटेबल आतल्या आत मॉडेलमधली निवड लक्षात ठेवतं. सुखद धक्का, या महिन्यातला एकुलता एक.

शुक्रवार, २१ मार्च

चाचण्या लिहिल्या. टेबल खिडकीशिवाय तयार होतं, त्यामुळे बहुतेक सगळं पडद्याविना तपासता येतं. माउसच्या क्लिकची नक्कल: ॲडजस्टिंग खरं, निवड, ॲडजस्टिंग खोटं. तपशील एकदाच मागवला गेला पाहिजे. सॉर्ट करून खोडणं, फिल्टर लावून खोडणं, ताजं करताना निवड टिकणं, पहिल्या ओळीच्या डोक्यावर नवी ओळ. पहिली तक्रारही चाचणीत उतरवली, तिचं नाव 'बेअरिंग-पट्टा'. जुन्या कोडवर लाल, नव्यावर हिरवी.

उजव्या क्लिकची चाचणी अशी लिहिता आली नाही, ती तिन्ही प्रणालींवर हाताने केली. टेस्टरच्या यादीत प्रत्येक आवृत्तीला ती आता कायमची.

आवृत्ती गोदामात गेली. तक्रार अजून बंद केलेली नाही, ती त्यांनीच बंद करावी असं सांगितलंय.

स्टेटस पट्टी आता बरोबर क्रमांक दाखवते. दुपारी गोदामातून फोन: "खाली तो आकडा काय येतो हो? नवीन आहे का?"